युवराजचा आवाज

"मावशी, ह्याचा नाद सोडा," अतीक म्हणाला. "काच तर गेलीच, नवा डिस्प्लेही हा फोन घेत नाही."

बनाबाईंनी काउंटरवरचा फोन उचलला नाही. त्या पहिल्या एसटीनं मैंदर्गीहून शहरात आल्या होत्या. विजापूर वेशीतलं अतीकचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान हे सकाळपासूनचं चौथं.

"डिस्प्ले नगं मला. आतला आवाज पायजे. युवराज गेला, आठ म्हयनं झालं. ह्यात कुटंतरी बोलला आसंल की."

"तुमचा मुलगा?"

बनाबाईंनी पदर सारखा केला. "बावीस वर्साचा हुता. आईला पोराचा आवाज पायजे आसतोय, बाबा."

अतीकची आई अकबरी मागच्या खोलीतून पाणी घेऊन आली. बनाबाईंनी एका दमात तांब्या संपवला. अकबरीनं मुलाकडे बघून हळूच म्हटलं, "उसकू ना नक्को बोल."

अतीकला एकच वाट दिसत होती. काच मेली तरी केबल लावून कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देता येतात. पण त्या आज्ञा पाळणारा शेल नावाचा एक छोटा प्रोग्राम फोनमध्ये लागतो, आणि ह्या फोनमधला बिघडला होता. नेटवर तयार शेल मिळत होते, पण सगळे नव्या फोनांचे. ह्या जुन्या प्रोसेसरवर एकही चालेना. म्हणजे शेलचा मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि ह्या फोनपुरता तो स्वतः बांधायचा. त्यानं हे आधी कधी केलं नव्हतं.

"चार दिवस द्या," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी शेल बांधताना एक्केचाळीस चुका निघाल्या. कोड मोठ्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला. तो अशा गोष्टी मागत होता ज्या अँड्रॉइडमध्ये नव्हत्याच. अतीक एकेक चूक वाचायचा, फाइल उघडायचा, ओळ बदलायचा, पुन्हा बांधायला लावायचा. मधेच कुणी चार्जर मागायला यायचं. दुसऱ्या दिवशी तीन चुका उरल्या. तिसऱ्या दिवशी शेल बांधून झाला, फोनमध्ये गेला आणि सुरूच होईना.

नेमका तेव्हाच बनाबाईंचा फोन आला. "घाई न्हाय बाबा. नुसतं इचारलं."

होणार नाही, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. पण "उद्या या" असंच निघालं.

मग त्याच्या लक्षात आलं, शेल बाहेरच्या फाइली शोधतोय आणि त्या फोनमध्ये नाहीत. त्यानं सगळं शेलच्या पोटातच घालून पुन्हा बांधलं. चौथ्या दिवशी दुपारी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर डॉलरचं चिन्ह उमटलं आणि त्याच्या शेजारी कर्सर लुकलुकू लागला. शेल सुरू झाला होता.

"अम्मी!" अतीक ओरडला. अकबरी पिठाच्या हातानंच बाहेर आली.

रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये अकरा फाइली होत्या. बनाबाई आल्यावर त्यानं त्यांना स्टुलावर बसवलं आणि शेवटची फाइल लावली.

"आये, युवराज बोलतोय. अक्कलकोटातनं निगालोय. म्हशीला पाणी दाव. तू जेवून घे, माझी वाट बघत बसू नगं."

मागं कुठंतरी हॉर्न वाजला, कुणीतरी हसलं, आणि आवाज संपला.

बनाबाईंनी तोंडावर पदर दाबला होता. "ह्योच का त्यो?"

"हो मावशी. स्पीकरवर जरा वेगळा वाटतो."

त्यांनी तो तीनदा ऐकला. अकबरी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"समदं कार्डात घालून दे," बनाबाई डोळे पुसत उठल्या. "दुधनीची गाडी गावली तर बरं हुईल."

"दुधनीला कोण?"

"त्याची आई."

अतीकचा कीबोर्डवरचा हात थांबला. "मग हा फोन तुमच्याकडं कसा?"

"त्याला दवाखान्यात न्हेताना टेम्पोच्या हौद्यात फळीखाली पडला हुता. दोन म्हयन्यापूर्वी टेम्पो धुताना मला गावला."

"कुणाच्या टेम्पोत?"

बनाबाईंनी एकदा अकबरीकडे पाहिलं.

"माज्या पोराच्या, सिद्धरामच्या," त्या म्हणाल्या. "त्यानंच उडीवलं युवराजला."