खात्रीचं बी

“उपटा ते झाड,” विल्मार भिंतीवरून म्हणाला. “निबियाबाई, तुमचा गांजा नर निघाला.”

निबियाबाई परसात खुर्ची टाकून चहासारख्या कडू येर्बाचा तुंबा भरत होत्या. त्यांनी थर्मासमधलं गरम पाणी ओतलं, पहिला कडू तुंबा स्वतः संपवला आणि दुसरा भरून भिंतीवर ठेवला. भांडायला आलेल्या शेजाऱ्यालाही तो द्यायचाच आणि त्यानेही तो घ्यायचाच, अशी गावाची रीत होती. शिडीवर उभ्या विल्मारने तुंब्यातली नळी तोंडात धरली आणि तोंड तसंच वाकडं ठेवून ओढायला लागला.

“नर कसा निघेल?” निबियाबाई म्हणाल्या. “खात्रीचं मादी बी आहे. यातून नर निघाला तर मिशा उतरवीन, असं दुकानदार म्हणाला.”

“त्याला मिशा आहेत?”

“नाहीत. ते मला घरी आल्यावर आठवलं.”

भिंतीच्या पलीकडे विल्मारची सहा झाडं ऐन फुलोऱ्यात होती. घरटी तेवढीच लावायची सरकारची मुभा. शेजारच्या नराचा पराग वाऱ्यावर आला की सगळ्या फुलांत बी धरणार, आणि बियांनी भरलेला गांजा गावाच्या गांजा-क्लबात कोणी हुंगतसुद्धा नाही. गेल्या साली पीक बुरशीने घालवलं होतं, यंदा शेजारीण घालवणार, या विचाराने त्याला जेवण गोड लागत नव्हतं. निबियाबाईंचं झाड एकच होतं. त्याचं मलम चोळलं की त्यांची आखडलेली बोटं मिटायची. नाही चोळलं तर झग्याची बटणं लावायला शेजारीपाजारी हाक मारावी लागायची.

विल्मारने सगळी नोकरी नदीकाठच्या नाक्यावर, कस्टममध्ये काढली होती. त्यातली निम्मी याच पाल्यासाठी लोकांच्या डिक्क्या उचकटण्यात गेली. मग कायदा बदलला, तो निवृत्त झाला आणि तोच पाला स्वतः लावू लागला. संशय मात्र पेन्शनीत निघाला नव्हता.

निवाड्याला दोघांनी मिळून क्लबच्या ओन्दिनाला बोलावलं होतं. क्लबची सगळी झाडं तिच्याच देखरेखीखाली वाढायची. ती मघापासून भिंग घेऊन झाडाखाली बसली होती. आता तिने मान वर केली.

“झाड मादीच आहे,” ती म्हणाली.

“बघा,” निबियाबाई म्हणाल्या.

“पण खालच्या फांद्यांना नराचे मणी, परागाच्या कळ्या, आलेत.”

“बघा,” विल्मार म्हणाला.

“बी खोटं नव्हतं. अशा बियातून अस्सल नर सहसा निघत नाही. पण फुलोऱ्यात या झाडाला रात्रभर गडद अंधार लागतो. तो पुन्हा पुन्हा मोडला की झाड बिथरतं. मग नराची वाट बघत बसत नाही, नराची फुलं स्वतःच काढतं.”

“शहाणं आहे,” निबियाबाई म्हणाल्या.

“इथे रात्री उजेड कुठून येतो?”

“कुठून येणार? रस्त्यावरचा दिवा हिवाळ्यापासून गेलेला. मीही सूर्य मावळला की या बाजूचा दिवा लावत नाही. दुकानदाराने तेवढं बजावलं होतं.”

“आणि मणी पहिल्यांदा दिसले कुणाला?”

“मला,” विल्मार म्हणाला. हा प्रश्न येईल म्हणून तो कधीचा टपून होता. “परवा रात्री. दिसणारच. फुलोरा लागल्यापासून एक रात्र चुकवली नाही मी. खात्रीच्या मालावर माझा विश्वास नाही, उभा जन्म खात्रीचाच माल पकडलाय. शिडी लावतो, बॅटरी मारतो आणि एकेक फांदी सावकाश तपासतो. हिच्या उजेडात नदीपलीकडची होडी दिसते.”

त्याने पट्ट्यातली लांबलचक बॅटरी काढून दाखवली. शाबासकी आली नाही. दोघी बायका आधी बॅटरीकडे, मग त्याच्याकडे बघत राहिल्या. विल्मारचे कान हळूहळू लाल झाले.

“रोज?” ओन्दिनाने विचारलं.

“तसं रोजच,” तो पुटपुटला.

“अस्सं,” निबियाबाई म्हणाल्या. “आणि मी बहिणीला फोनवर सांगतेय, रात्री भिंतीवरून कोणीतरी माझ्या खिडकीकडे बघतं. ती म्हणाली, मग केस रंगवून घे. घेतले की हो मी रंगवून.”

विल्मारने खाली पाहिलं. केस खरंच तांबूस झाले होते आणि हे त्याला आत्ता दिसत होतं. इतकी लाज त्याला नोकरीत कधी वाटली नव्हती.

“मणी अजून फुटलेले नाहीत,” ओन्दिना म्हणाली. “चिमट्याने खुडून टाकते. झाड राहू द्या. फक्त रात्री त्याला झोपू द्या.”

निबियाबाईंना इतकं हायसं वाटलं की त्या रागवायचंच विसरल्या. विल्मारच्याही छातीवरचा धोंडा उतरला. मणी फुटले नाहीत म्हणजे पराग उडाला नाही, म्हणजे आपली सहाही झाडं वाचली. त्याने रिकामा तुंबा भिंतीवर ठेवला आणि “आभारी आहे” म्हणाला. तिथे आभार मानले की पुढचा तुंबा भरायचा नसतो.

“विल्मारराव,” झाडात डोकं खुपसलेली ओन्दिना म्हणाली, “तुमची झाडं रात्री कोण तपासतं?”

“मीच. त्यांच्यापासूनच तर सुरुवात करतो.”

बोलता बोलता त्याची नजर हातातल्या बॅटरीवर गेली. मग घाईघाईने शिडी उतरला. भिंतीपलीकडे फांद्या सारल्याचा आवाज आला आणि थांबला.

निबियाबाईंनी आभार मानलेल्या माणसासाठी पुन्हा तुंबा भरला आणि तो द्यायला खुर्चीवर चढून पलीकडे पाहिलं. विल्मार आपल्या पहिल्या झाडाशी गुडघे टेकून बसला होता आणि भर उन्हात बॅटरी लावून मणी मोजत होता.