परक्यांचं नेट

“सिंक चालू असताना मशीनला हात लावायचा न्हाई, बाई. घास तोंडात असताना ताट ओढतं का कुणी?” निवृत्त झाले त्या दिवशी मशीन प्रियदर्शनीच्या हवाली करून रामकिसन सर एवढंच सांगून गेले होते.

आज सिंक, म्हणजे नवं नवं उतरवून घेण्याचं काम, चालू होतं, आणि कॉलेजच्या सर्व्हरच्या खोलीत प्रियदर्शनी त्या मशीनपुढे आडवी उभी होती. जगभरातल्या लोकांनी फुकट वाटलेली सॉफ्टवेअर हे मशीन रोज उतरवून घ्यायचं, ताजी ठेवायचं. मग ती कुणीही, कुठूनही न्यावीत. कॉलेजचा मिरर म्हणायचे त्याला. पौर्णिमेचं बौद्ध उपासिकेचं व्रत होतं, म्हणून ती पांढऱ्या साडीत होती.

संस्थेचे सचिव बजरंगराव मोबाइलवरचा आलेख तिच्यापुढे नाचवत होते.

“बाहेरच्यांनी नेट ओढलंय आपलं. आपल्या पोरांपेक्षा जास्त!”

“ओढलं नाही, साहेब. आपण देतो.”

“देतो? कावून? कोन लागतात ते आपले?”

“कुणीच नाही,” ती म्हणाली.

बजरंगराव दारातल्या शिपायाकडे वळले. “सुग्रीव, वायर काढ. परत लावायची न्हाई.”

“मॅडमला इचारून...”

“मालक मी हाय का मॅडम, बे?”

“साहेब, चौसाळ्याच्या शाळेत आत्ता यावरूनच सॉफ्टवेअर उतरवतायत. जुने कॉम्प्युटर आहेत, उद्या सकाळी पोरी बसणार त्यांच्यावर. तासभर तरी थांबा.”

“तासाभरात आनखी किती नेतील! आन् कुणी इचारलं तर बिघाड झाला म्हना. कॉलेजचं नाव नको खराब व्हायला.”

सुग्रीवने तिच्याकडे न बघता वायर ओढली. मशीनच्या पंख्याची घरघर हळूहळू बसत गेली. ती बाजूला झाली. आता उभं राहून उपयोग नव्हता.

फोन वाजला. चौसाळ्याचे संजय सर.

“मॅडम, समद्या मशिनी अर्ध्यावर अडकल्या. जुनं पुसून बसलो आन् नवं येईना. आमच्या हातून काय चुकलं का?”

बजरंगराव तिच्याकडेच बघत होते.

“तुमचं काही चुकलं नाही, सर.” तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “बिघाडही नाही. इथून बंद केलंय. कायमचं.”

“खरं बोलायचा लई सोस हाय मॅडमला,” म्हणत बजरंगराव निघून गेले.

पलीकडून संजय सर म्हणाले, “पोरींला काय सांगू? खोली झाडून, पुसून बसल्यात. तुमी म्हणलाता, सकाळी चालू होतील.”

“म्हणाले होते.”

“दुसरीकडून, लांबून घ्यावं तर आमचं नेट हे असं. आठ दिस लागतील.”

“मी येते. माझ्या मोबाइलच्या नेटवर करू.”

“मोबाइलवर? एकबी पुरं व्हायचं न्हाई, मॅडम.”

“एक झालं तर एकीला बसता येईल.”

तिने पिशवी उचलली. सुग्रीव वायर हातात तशीच धरून भिंतीशी उभा होता. “मॅडम, मी काय करणार...” तो पुटपुटला. तिने मान हलवली.

फाट्यावर ऊन उभं होतं. चौसाळ्याची गाडी लांबून दिसली तेव्हा तिने फोन काढला, बॅटरी उरावी म्हणून तो बंद केला, आणि हात दाखवला.