काळजाचा ठेका

पडदा वर जायच्या आधीच तबला सुसाट सुटला, आणि सांगलीच्या नाट्यगृहात लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. या तबल्याला वादक नव्हता; गायिकेच्या छातीवर चिकटवलेल्या टिकलीतून तिच्या काळजाचे ठोके घेऊन तो आपोआप वाजायचा. शर्वाणी आज पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होती.

"आबा, माझी भीती अख्ख्या थिएटरला ऐकू जातेय."

"जाऊ दे. त्याच लयीत गा," विंगेत पेटीवर बसलेले आबा म्हणाले.

तालमीत संथ बसवलेलं पद तिनं दुप्पट लयीत उचललं. ताना अशा सुटल्या की लोक उभेच राहिले. वन्स मोअर आला.

शर्वाणी हसली. तिचं काळीज शांत झालं, तसा तबलाही रेंगाळला.

"मघाचंच हवं," प्रेक्षक ओरडले.

ती विंगेकडे वाकली. "आबा, जरा घाबरवा की मला."