ताईचा रकाना

त्या परदेश सहलीतून भावजयीला आठ मोकळ्या संध्याकाळी मिळणार होत्या, भावाला तिची मर्जी आणि बिनलग्नाच्या ताईला जगदर्शन. "आयुष्यभर कचेरीत फायली लावल्यास, आता जरा जग बघ," असं भाऊ चार पाहुण्यांदेखत म्हणाला. उपकाराला साक्षीदार नको का!

भावजयीने दिवसवार तक्ता केला. नवराबायकोचे रकाने नौकाविहार, नाटक, टेकडीवरचं जेवण यांनी फुगले होते. ताईच्या रकान्यात आठही दिवस एकच ओळ होती : जुळ्यांना घेऊन हॉटेलच्या खोलीत.

"ताई, मुलांना तुमचा किती लळा आहे ना!"

"हो ना. तुझ्यापेक्षा जास्तच," असं म्हणून ताई व्हिसाचे अर्ज जुळवायला बसली. कंटाळवाणं काम अर्थातच तिच्याकडे होतं.

व्हिसाच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने तक्ता दोनदा वाचला. "बाई, तुम्ही फिरायला निघालात की मुलं सांभाळायच्या कामाला?"

चौघांना पर्यटकांचा व्हिसा मिळाला, ताईला नाही. तिकिटं तर परत होणारी नव्हती.

"तो तक्ता अर्जाला लावला कुणी?" भाऊ कडाडला.

"मीच. प्रवासाचा खरा कार्यक्रम जोडावा, असा नियमच आहे. बावीस वर्षं फायली लावतेय रे, माझ्याकडून कागद राहत नाही."

परदेशात ताईच्या रकान्यातली ओळ आठही दिवस नवराबायकोने मिळून भरली. ताईने मंजूर झालेली रजा मात्र परत केली नाही.