चढता काटा

"तापमानाचा काटा वर चाललाय," म्हणत बाबांनी घाटातच पिकअप बाजूला घेतली.

मागे एकदा तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडताना त्यांचा डावा हात भाजला होता. त्या धसक्याने त्यांनी इंजिन ठरावीक तापमानाला ठेवणारा थर्मोस्टॅटच काढून टाकला. तेव्हापासून इंजिन गार आणि काटा तळाशी. गार इंजिनाला डिझेल फार लागतं म्हणून आज सकाळी मी नवा बसवला.

काटा चढतच होता. उलटा तर नाही ना बसवला मी? बाबांनी तोच भाजलेला हात माझ्यापुढे आडवा धरला, जणू उकळतं पाणी काच फोडून आत येणार होतं.

काटा मध्यावर आला आणि थांबला.

"तो इथंच असायला हवा, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. हात मात्र खाली घेतला नाही.