मराठीत सांगताना

सुबोधने पान उलटलं. पुढचं वाक्य तेच होतं, सकाळपासून ज्याची त्याला धास्ती होती.

समोर रत्नप्रभाबाई ताठ बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. कवी सीताराम पेडणेकरांच्या पत्नी. कवी जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून घाटकोपरच्या त्यांच्या घरी बसून सुबोध आपण लिहिलेलं पेडणेकरांचं इंग्रजी चरित्र सकाळपासून वाक्यावाक्याने मराठीत सांगत होता. कविता आणि पत्रं छापायला त्यांची सही लागणार होती. सही नाही तर पुस्तक नाही. सहा वर्षांचं काम.

सुबोध मुलुंडचा. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, आधीची दोन चरित्रं नावाजलेली. समीक्षक म्हणून तर असा, की नवे कवी त्याला पुस्तक पाठवताना दहादा विचार करायचे. हा माणूस कुणाची भीड ठेवत नाही, असं लोक म्हणत. तोही ते मनातून मानायचा.

कागदावर लिहिलं होतं, पेडणेकर बायकोला मारत. एकदा तिचा हात मोडला, आणि त्याच आठवड्यात त्यांनी आपली सगळ्यांत कोवळी प्रेमकविता लिहिली. कवीच्या बहिणीच्या जुन्या पत्रांत त्याला हे सापडलं होतं. बाई स्वतः याबद्दल कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"थांबलात का?" बाईंनी विचारलं.

"शब्द शोधतोय, वहिनी." त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. हे या बाईंच्या तोंडावर म्हणायचं? त्या उठून आत गेल्या तर? "पेडणेकर... तसे तापट होते. घरच्यांना त्याची झळ लागायची."

आणि तो घाईघाईने पुढच्या परिच्छेदाकडे वळला.

बाईंनी हातातलं पेन टीपॉयवर ठेवलं. "मग मी सही नाही करत."

सुबोध पुढे झुकला. "वहिनी, ते वाक्य काढून टाकतो ना हवं तर!"

"काढताय कशाला? तापट होते, हे पन्नास वर्षं मीच सांगत आलेय. डॉक्टरला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, माझ्या आईलासुद्धा. तुम्ही सहा वर्षं शोधून एवढंच आणलंत?"

सुबोधला त्यांच्याकडे बघवेना. खाली लिफ्टचा दरवाजा आपटला. कुणीतरी हसत गेलं. मग त्याने पान मागे उलटलं आणि जे लिहिलं होतं ते सांगायला लागला. या वेळी त्याने काहीच गाळलं नाही. मारणं सांगितलं. महिना आणि साल सांगितलं. उजवा हात मनगटाशी मोडला, तेही सांगितलं.

बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी पेन उचललं.

"उजवा नाही, डावा," त्या म्हणाल्या. "तेवढं दुरुस्त करा."