परत दिलेलं आकाश

"ठकीचं नाक वाहतंय. परत फिरायचं का?" गाडीतून उतरता उतरता त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाक आहे, वाहणारच." एरवी लेकीच्या साध्या शिंकेला डॉक्टर गाठणारी ती, आज चक्क हसली. "आज तुझा दिवस. आमचं आम्ही बघू."

समोर गवताच्या धावपट्टीवर पांढरं ग्लायडर एका पंखावर कलून पडलं होतं. पंख लांबलचक, इंजिनाचा पत्ता नाही. लग्नाआधी तो याच्यावरच बोलत सुटायचा. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, घारी तिच्यात गोल फिरतात, तसंच आपणही फिरायचं; उंची मिळाली की पुढच्या ढगाकडे सुटायचं. एकदा तीनशे किलोमीटर गेला होता, थेंबभर इंधन न जाळता. "वर फक्त वाऱ्याची शीळ असते गं," तो सांगायचा, आणि इकडे हिच्या छातीत धडकी भरायची.

ठकी पोटात असताना तिने शपथ घातली. त्याचा हात पोटावर ठेवून. तो म्हणाला, "सोडलं."

भांडला असता तर बरं झालं असतं. त्या एका शब्दाने तिला चार वर्षं छळलं. दुपारी कापसासारखे ढग जमले की तो खिडकीपासून उठून आत जायचा. ग्लायडिंग क्लबमधून फोन आला की वाजू द्यायचा. ठकीने कागदाचं विमान मागितलं, तर होडी करून दिली. ती सगळं टिपत होती. एका माणसाचे पंख छाटून आपण संसार मांडलाय, हे तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

म्हणून गेल्या आठवड्यात तिने परस्पर क्लबात त्याचं नाव नोंदवलं आणि रडत रडत कबुली दिली. "स्वार्थी झाले रे मी. माफ कर." त्याने तिचे डोळे पुसले. "तू म्हणतेस तर जातो," एवढंच बोलला.

आता मागच्या सीटवर एक तरुण प्रशिक्षक बसला होता, क्लबात नवाच. "पाच तास तरी खाली येत नाही आम्ही, वहिनी! हवा कसली झकास आहे!"

पुढच्या सीटवर तो पट्टे आवळत होता. तळहात पुन्हा पुन्हा पँटला पुसत होता.

"ठकीला जवळ घे," तो म्हणाला. नजर समोर. आनंदाने बावरलाय, तिला वाटलं.

काचेचं झाकण बंद झालं. ग्लायडर निघताना त्याचा पंख कोणीतरी उचलून सरळ धरावा लागतो. ते काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं. त्याने अंगठा वर केला. तिने पंख उचलला. ग्लायडरला ओढून वर नेणारं पुढचं विमान गरजलं, दोर ताणला गेला, ती चार पावलं धावली आणि पंख हातातून सुटला. त्याच्याबरोबर छातीवरचा चार वर्षांचा धोंडाही.

ठकी टाळ्या पिटत होती. तेवढ्यात शेडकडून म्हातारे मास्तर काठी टेकत आले. त्याला उडायला शिकवलं ते यांनीच.

"कोण गेलं गं?"

"कोण म्हणजे? तुमचाच चेला! मीच अडवलं होतं ना मास्तर, आज मीच पाठवलं."

मास्तर लहान होत जाणाऱ्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"बोला ना काहीतरी. रागावला होतात ना माझ्यावर?"

"राग कसला, पोरी? तू शपथ घालायच्या आधी दोन महिने तो वादळी ढगात सापडला होता. उतरला तेव्हा ग्लायडर वळवायच्या दांड्यावरची बोटं आम्हाला एकेक करून सोडवावी लागली. मग रोज यायचा, नुसता ग्लायडरला टेकून बसायचा. आत पाय ठेववेना आणि लाजेने कोणाला सांगवेना." मास्तरांचा आवाज खाली आला. "आणि एक दिवस अक्षरशः नाचत आला. म्हणाला, 'सुटलो मास्तर! बायकोने शपथ घातली.'"